आधी कपडा उलटा कर: जुने कपडे घेताना मी काय बघते

सोलापुरात खोली करून बी.एड. करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: पाठ घ्यायला साड्या लागतात, शाळेत जायला दोन-चार धड कुर्ते लागतात, आणि घरून येणारे पैसे मेस आणि भाड्यातच संपतात. म्हणून तिने जुने कपडे घ्यायचं ठरवलं. दोनदा घेतले, दोन्ही वेळा पैसे बुडाले. रेशमी साडी पहिल्यांदा नेसतानाच घडीवर उभी फाटली, आणि एका कुर्त्याचा वास चार धुण्यांनंतरही जात नाही. चांगला जुना कपडा ओळखायचा कसा, की हा नाद सोडूनच द्यावा, असा तिचा प्रश्न आहे.

नाद सोडू नकोस. तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीच लिहिते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात मी 21 वर्षं चेकिंगच्या टेबलावर उभी राहिले. आता घरी अल्टरचं काम करते. माझ्या घरात नेहमीच्या वापरातले निम्म्याहून जास्त कपडे जुने घेतलेले आहेत आणि त्यातले काही सात-आठ वर्षं टिकले आहेत. तुझे दोन्ही कपडे का फसले ते मला तू लिहिलेल्या दोन ओळींवरूनच कळलं. दोन्ही दोष घेतानाच हाताला आणि नाकाला लागले असते. फक्त तू कपडा समोरून बघितलास.

कारखान्यात पहिल्या दिवशी आमच्या सुपरवायझर बाईंनी शर्टांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि सांगितलं, आधी उलटा कर. इस्त्री, खळ, नवी बटणं, हे सगळं बाहेरून करता येतं. आतून कुणी काही लपवत नाही, कारण आत कुणी बघत नाही. जुन्या कपड्याला तर हे दुप्पट लागू. विकणारी बाई कपडा धुते, इस्त्री मारते, तुटलेलं बटण लावते. त्यात फसवणूक काही नाही, तिचा तो धंदा आहे. पण कपडा किती जगला आणि आणखी किती जगेल हे आतल्या बाजूलाच लिहिलेलं असतं.

परवाचंच सांगते. एक गव्हाळी रंगाचा सुती कुर्ता हातात आला. बाहेरून छान. उलटा केला. आधी काख बघितली. काखेत कापड पिवळं पडून कडक झालं असेल तर तो घाम कापडात मुरलेला असतो, आणि तिथलं सूत पिठासारखं झालेलं असतं. दोन्ही अंगठे लावून हलकेच ताणायचं. धागे एकमेकांपासून सरकले, बारीक जाळी दिसली, तर खाली ठेवायचा. या कुर्त्याची काख मऊ आणि घट्ट होती. मग खांद्यामागची गळ्याची पट्टी. तिथे तेल आणि मळ बसतो, तो धुऊन जातो, पण कापड घासून दोरे वर आले असतील तर जात नाही. मग बाजूच्या शिवणी. ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून मारलेली गुंफलेली टीप, शाबूत आहे का, इंचात दहा-बारा टाके आहेत का, की सहा-सातवर भागवलंय. मग कुर्ता आकाशाकडे धरला आणि आरपार बघितलं. पाठीवर, बसायच्या जागी आणि पोटाशी कापड विरळ झालं असेल तर तिथून उजेड जास्त येतो. सगळीकडे सारखा उजेड आला.

शेवटी खालची दुमड नखाने थोडी उकलून आतला रंग बघितला. ही माझी सगळ्यात आवडती खूण. दुमडीच्या आतल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, म्हणजे कपडा नवा असताना कसा होता ते तिथे दिसतं. आतला आणि बाहेरचा रंग जवळजवळ सारखा असेल तर एक तर कपडा फार वापरलेला नाही किंवा रंग पक्का आहे. दोन्ही आपल्या फायद्याचं. या कुर्त्याचा रंग जेमतेम एक छटा उतरला होता. 90 रुपयांना घेतला.

नवा कपडा घेताना तो आटेल का, रंग सोडेल का, दोन धुण्यांत गोळे येतील का, हे देवालाच ठाऊक. जुना कपडा या सगळ्यातून पार पडून आलेला असतो. सुती कापड आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला, गोळे यायचे तर आलेले. आज जसा दिसतोय तसाच तो पुढे राहणार. मला जुन्या कपड्याचा भरवसा वाटतो तो यासाठी.

पँट असेल तर आसन आणि मांड्यांच्या आतली बाजू आधी बघ. जीन्स तिथेच जाते. गुडघ्याचं भोक कुणीही बघतं, मांडीचं विरळ कापड कुणी बघत नाही. चेन तीनदा वरखाली कर, वर नेऊन दोन्ही बाजूंनी ताण. खिशात हात घाल, खिशाचं अस्तर फाटकं असतंच बहुधा, पण ते दुरुस्त होतं. खिशाच्या कोपऱ्यांवर बारटेक आहे का बघ, म्हणजे तो जाड, जवळजवळ मारलेल्या टाक्यांचा छोटा पट्टा. तो असेल तर शिवणाऱ्याने इतर ठिकाणीही काटकसर केलेली नसते. चौकड्यांचा शर्ट असेल तर बाजूच्या शिवणीवर आणि खिशावर चौकडी जुळलीय का बघ. चौकडी जुळवायला कापड जास्त लागतं आणि वेळही. ज्याने ते केलं त्याने आतली शिवणही नीट मारलेली असते, हे मी हजारो शर्ट तपासून सांगते.

लवचिक कापड, म्हणजे लेगिंग, जेगिंग, कमरेचं इलास्टिक, कानाशी धरून ताण. बारीक तडतड ऐकू आली की आतलं रबर मेलं. ते परत जिवंत होत नाही.

आता साडी. तुझं मुख्य काम साडीचं आहे, म्हणून यावर थांबते.

तुझी रेशमी साडी घडीवर फाटली, कारण ती कपाटात वर्षानुवर्षं त्याच घडीवर पडून होती. रेशीम घडीवर कुजतं. बाहेरून चकाकी तशीच राहते आणि आतून धागा तुटायला आलेला असतो. नेसताना निऱ्या काढल्या, ताण आला, आणि साडी घडीच्या रेषेवर उभी उकलली. हे दुकानात कळतं. साडी पूर्ण उलगडायला लाव. विकणारी कंटाळली तरी शांतपणे सांग की उलगडल्याशिवाय घेणार नाही. प्रत्येक घडीची रेष दोन्ही हातांनी दोन बाजूंना धर, अंगठे रेषेला लागून, आणि हळूच ताण. आधी उभी, मग आडवी. चांगलं रेशीम दबून राहतं. कुजलेलं रेशीम कागदासारखं चुरचुरतं, कधी तिथेच चीर पडते. पडली तर बाईला दाखव आणि साडी परत दे, लाजू नकोस.

त्यानंतर फॉल. फॉलच्या खालचा काठ हा साडीचा सगळ्यात सोसलेला भाग, टाचेखाली येतो, जिन्यावर घासतो. फॉल नवा लावलेला दिसला तर दोन टाके उसवून खाली बघायला माग. जुना फॉल असेल तर उलट चांगलं, त्याने काठ सांभाळला असण्याची शक्यता जास्त. मग पदर. डाव्या खांद्यावर पिन जिथे लागते तिथे भोकांचा पुंजका असतो. चार-दोन भोकं चालतात, चीर चालत नाही. मग कमरेत खोचायचा भाग, तिथे घाम आणि परकराच्या नाडीचा घासा.

लांबी मोज. साडी साडेपाच मीटरच्या आसपास हवी, ब्लाउजपीस असेल तर सहाच्या वर. पुष्कळदा ब्लाउजपीस कापताना कापणाऱ्याने साडीतलंच हातभर जास्त घेतलेलं असतं, आणि मग निऱ्या चारच पडतात. वर्गात फळ्यावर हात वर करून लिहिताना अशी आखूड साडी सुटते. टेप नसेल तर हात आडवा लांब करून मुठीपासून नाकापर्यंत एक वार धर, सहा वेळा आलं की झालं.

जरीवर जास्त पैसे मागत असतील तर सांभाळ. खरी जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. काठाच्या मागच्या बाजूचा एक सुटा धागा नखाने खरवडला की आतला गाभा दिसतो. खऱ्या जरीच्या पोटात बहुधा लाल रेशीम असतं. पांढरा दोरा किंवा प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा दिसला तर जरी साधी आहे, आणि साध्या जरीचीच किंमत दे. खऱ्या जरीच्या जुन्या साड्या चांदीसाठी वजनावर घेणारे लोक गावोगाव फिरतात, त्यामुळे तशी साडी बाजारात स्वस्त मिळणं अवघडच. हातमागाची पैठणी म्हणून कुणी दाखवली तर पदर उलटा कर. हातमागावर विणलेल्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे सुट्या दोऱ्यांचं जाळं लोंबत असेल तर ती पैठणीच्या नक्षीची मशीनची साडी आहे. नेसायला वाईट नाही, पण भाव मशीनच्या साडीचा.

पण तुला मी रेशीम घेऊच नको म्हणेन. पाठासाठी सुती किंवा सुती मिश्रणाची साडी घे. आपल्याकडे कर्नाटक जवळ, त्यामुळे जुन्या इरकली साड्या घराघरांतून बाहेर पडतात. इरकलचं अंग सुती असेल तर धुऊन धुऊन असं मऊ पडतं की नवीन साडीला ते सुख नाही. तिचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि अंगाला विणतानाच जोडतात. त्या जोडाची रेष उजेडात बघ, तिथे धागे सुटले असतील तर सोडून दे. बाकी इरकल दणकट.

आता तुझ्या कुर्त्याचा वास. लेबल बघ, शंभर टक्के पॉलिस्टर असणार. पॉलिस्टर घामाचा वास धरून ठेवतो, सुती कापड त्या मानाने सोडतं. बाजारात कपडा धुऊन सुगंधी पाणी मारून ठेवलेला असतो, त्यामुळे नाकाला आधी अत्तर लागतं. काखेची जागा मुठीत धरून त्यावर तोंडाची गरम वाफ सोड, मग वास घे. उबेने दबलेला वास वर येतो. डांबरगोळ्यांचा वास असेल तर घाबरू नको, चार-सहा दिवस वाऱ्यावर टांगला की उडतो. धुराचा, तळणाचा जातो. ओलसर, बुरशीचा वास आणि सोबत काळे ठिपके दिसले तर कपडा घेऊ नकोस, ते ठिपके धाग्यात शिरलेले असतात. काखेतला पॉलिस्टरचा वास मात्र मला आजवर पूर्ण घालवता आलेला नाही. तुझ्या त्या कुर्त्याला शेवटचा उपाय म्हणून एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाण्यात तासभर भिजव, मग धुऊन कडक उन्हात उलटा वाळव. तरी नाही गेला तर फरशी पुसायला घे.

लेबल कापलेलं असेल तर कापड कशाचं हे जाळून कळतं. आतल्या शिवणीतून चार दोरे काढ आणि घरी, नळाजवळ, चिमट्यात धरून पेटव. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख मऊ राहते. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात. पॉलिस्टर वितळतो आणि काळा कडक मणी उरतो. दुकानात काडी ओढू नकोस. सराव झाला की काडीची गरजही पडत नाही, हाताला कळतं. तोवर चार वेगळ्या कापडांचे तुकडे घरी ठेव आणि डोळे मिटून ओळखायचा सराव कर. कारखान्यात नव्या मुलींना आम्ही हेच करायला लावायचो.

मापाचं. लेबलवरचा आकडा विसर. मीडियम एका कंपनीचा एक आणि दुसरीचा दुसरा, आणि सुती कपडा आटून एक आकडा उतरलेला असतो तो वेगळाच. तुला सगळ्यात नीट बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसर आणि पाच मापं एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेव: काखेपासून काखेपर्यंत, खांदा ते खांदा, बाहीची लांबी, पूर्ण उंची, आणि कमरेवरची रुंदी. टेप सोबत ठेव. बाजारात घालून बघायची सोय नसते, टेप हीच तुझी ट्रायल रूम. पँटला कमर, आसन, मांडी, लांबी. टेप विसरलीस तर पँटची बंद कंबर मानेभोवती गुंडाळून दोन टोकं मागे जेमतेम जुळतात का बघ. तो अंदाज आहे, माप नव्हे, पण रिकाम्या हातापेक्षा बरा.

माप थोडं चुकलं तर अल्टर होतं, पण सगळं होत नाही. लांबी कमी करणं, कंबर आत घेणं, बाही आखूड करणं, चेन बदलणं, काज-बटण, हे सोपं. खांदा मोठा असेल तर घेऊ नकोस. खांदा कमी करायला दोन्ही बाह्या उतरवून परत बसवाव्या लागतात, खर्च कपड्यापेक्षा जास्त होतो आणि पडही बिघडते. घट्ट कपडा सैल करायचा असेल तर शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, आहे का ते उलटा करून बघ. अर्धा-पाऊण इंच माया असेल तर सुटेल. पण जुन्या टिपेची रेष उरते, आणि मायेतलं कापड गडद असल्याने कडेला पट्टा दिसतो. काळ्या-पांढऱ्या कपड्यात खपून जातं, निळ्या-हिरव्यात नाही.

एका गोष्टीचं मला नेहमी वाईट वाटतं. कॉलर विरली म्हणून लोक चांगले शर्ट टाकून देतात. कॉलर उलटवता येते. कॉलर ज्या गळपट्टीत बसवलेली असते तिची टीप उसवायची, कॉलर काढायची, आतली बाजू वर करून तीच परत बसवायची. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. माझे सासरे पूर्व भागात यंत्रमागावर होते, त्यांचा एक पांढरा शर्ट मी असा उलटवून दिला, तो नंतर पाच वर्षं त्यांनी घातला. तेव्हा विरलेली कॉलर बघून शर्ट खाली ठेवू नकोस. कॉलरची आतली बाजू बघ, ती धड असेल तर भाव कमी करून घे.

कुठून घ्यायचं. आपल्याकडे जुन्या कपड्यांचा उगम म्हणजे बोहारीण. भर दुपारी टोपलं घेऊन दारावर येते आणि जुन्या साड्या-पँटींवर स्टीलचं भांडं देते. घरोघरी गोळा केलेल्या मालाची नंतर वर्गवारी होते. धड कपडे धुऊन, इस्त्री करून आठवडी बाजाराच्या कडेला चादरीवर मांडले जातात. मऊ सुती जुनेर गोधड्या, वाकळांना जातं. उरलेल्या चिंध्या गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत मशीन पुसायला. मला सगळ्यात चांगले कपडे चादरीवर मिळाले नाहीत, बोहारणीच्या गाठोड्यात मिळाले. तिच्याशी ओळख कर. तुझं माप आणि तुला काय हवं ते सांगून ठेव, चांगली सुती साडी आली तर तुझ्यासाठी बाजूला ठेवायला सांग. भाव करताना एकदा विचार, एकदा सांग, आणि जमलं नाही तर हसून उठ. तिच्याकडे 60 रुपयांच्या साडीवर 20 मिनिटं घासाघीस करणाऱ्या बायका मी बघते आणि मला ते आवडत नाही. ती बाई 42 अंशांत डोक्यावर ओझं घेऊन फिरलेली असते. शिवाय जिचा तू मान ठेवशील ती तुला कपड्याचा दोष स्वतः दाखवते. माझी बोहारीण आता मला सांगते, वहिनी, ही नको, हिच्या काठाला कसर लागलीय.

वेळ साधायची असेल तर दसरा-दिवाळीच्या साफसफाईनंतरचे तीन-चार आठवडे. घराघरांतली कपाटं तेव्हाच रिकामी होतात. लग्नसराई संपली की एकदाच घातलेले भरजरी कपडे येतात, तुला त्यांचा उपयोग नाही. स्वेटर, शाल, कोट मार्चमध्ये घे, सोलापुरात तेव्हा त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

दोन शब्दांत गल्लत करू नकोस. आपल्या गावात ‘सेकंड’ माल म्हणजे कारखान्यातून बाद झालेला नवा माल. सेकंडहँड वेगळा. सोलापूरचे टॉवेल किलोवर मिळतात ते बरेचदा सेकंड असतात: एखादी विणीची चूक, काठ वाकडा, रंगाचा डाग. टॉवेलला ते चालतं. शर्ट-कुर्त्यात सेकंड घेताना एक बाही लांब एक आखूड नाही ना, हे दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून बघ. आमच्या टेबलावरून बाद होणाऱ्या मालात हा दोष मी खूप पाहिला.

परदेशी जुने कपडे म्हणून काही जण विकतात. वापरलेले कपडे आयात करायला आपल्याकडे परवाना लागतो. गुजरातेत कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात त्यांची वर्गवारी होते, आणि फाडलेल्या लोकरी चिंध्या पानिपतला जाऊन त्यांचं पुन्हा सूत आणि ब्लँकेटं होतात. बाजारात येणाऱ्या या मालात लोकरीचे कोट, जाड जीन्स खरोखर चांगल्या असतात. पण लोकरीत कसर असते. मी एकदा दुसऱ्या गावातल्या बाजारातून संध्याकाळच्या अंधुक उजेडात एक राखाडी कोट 300 रुपयांना घेतला. घरी ट्यूबलाइटसमोर धरला तर पाठीवर चाळणी. त्यानंतर मी संध्याकाळी जुना कपडा घेतलेला नाही. सकाळच्या उन्हात जा.

इन्स्टाग्रामवर घ्यायचे असतील तर विकणाऱ्याकडे चार फोटो माग: उलट्या काखेचा, खालच्या दुमडीचा, लेबलचा, आणि टेप लावून काखेपासून काखेपर्यंतचा. जो हे चार फोटो देत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस. रेशमी साडी फोटोवरून कधीच नको.

न घ्यायच्या गोष्टी थोडक्यात. आतले कपडे, मोजे. रेक्झीनचं जॅकेट, त्याचे पापुद्रे सुटतातच. जुने बूट, कारण फोमचा सोल नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी आतून भुसा होतो. आटून जाड पडलेला लोकरी स्वेटर, तो पुन्हा मोठा होत नाही.

डागांचं. हळदीचा डाग बघून भाव पाड आणि निर्धास्त घे. साबण लावला की लाल होईल, घाबरू नको, ओलाच उन्हात टाक, दोन-तीन उन्हांत उडतो. सोलापूरच्या उन्हाचा हा एक मोठा उपकार आहे. गंजाला लिंबू आणि मीठ लावून ऊन. ताज्या तेलाला भांड्याचा साबण, पण पिवळा पडलेला जुना तेलाचा डाग बहुधा जात नाही. काखेच्या पिवळेपणावर ब्लीचिंग पावडर टाकू नकोस, तो आणखी पिवळा होतो. रेशीम आणि लोकरीला तर ब्लीच दाखवायचंही नाही, त्यांना रिठा.

घरी आणल्यावर कपडा कपाटात किंवा पलंगावर ठेवायचा नाही. पिशवीतून थेट बादलीत. सुती कपडा हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास, मग धुणं. खरजेचा किडा माणसाच्या अंगावरून सुटला की दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, त्यामुळे गरम पाण्यात न चालणारा कपडा आठवडाभर पिशवीत गच्च बांधून ठेव आणि मग धू. ढेकणासाठी मात्र ते पुरत नाही, ढेकूण महिनोन्महिने उपाशी राहतो. शिवणींत काळे बारीक ठिपके दिसले तर कपडा घरात आणूच नकोस. एरवी कॉलरखाली, कमरपट्ट्यात, दुमडीत वाफेची गरम इस्त्री सावकाश फिरव. नुसतं ऊन दाखवून भागलं असं समजू नकोस.

घरचे बोलतील, दुसऱ्याच्या अंगावरचं कशाला. माझ्या सासूबाईही बोलायच्या. पण आपल्यात बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते जुनं. आजीच्या लुगड्याची दुपटी, थोरल्या भावाची झबली. नवं कापड टोचतं म्हणून जाणत्या बायकांनी ती पद्धत पाडली. ज्या कापडावर आपण तान्ह्या बाळाला निजवतो त्याचा कमीपणा मोठ्यांनी का मानावा, हे मला कळत नाही.

हिशेब एकच ठेव: किंमत, अधिक दुरुस्ती, अधिक रिक्षा. नव्या पॉलिस्टर कुर्त्याच्या जवळ हा आकडा जात असेल तर जुना पॉलिस्टर घेण्यात अर्थ नाही. जुन्याकडे जायचं ते नव्याने परवडणार नाही इतक्या चांगल्या कापडासाठी. म्हणून आधी कापड, मग शिवण, मग माप, आणि रंग-फॅशन सगळ्यात शेवटी.

तू पुढच्या महिन्यात एवढंच घे. दोन सुती साड्या, एक फिकी आणि एक गडद, दोन्हींवर चालेल असा एकच काळा किंवा मरून ब्लाउज शिवून घे. दोन कुर्ते, खांदा तुझ्या मापाचा, लांबी जास्त असली तरी चालेल. साड्यांचे जुने फॉल काढून टाक, काठ धुऊन वाळव, आणि नवा फॉल लावायच्या आधी तो अर्धा तास पाण्यात भिजवून वाळव. सुती फॉल न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात तोच आटतो आणि साडीचा काठ गोळा होतो. हे काम पिको-फॉलवाल्यांना आठवणीने सांगावं लागतं, घाईत ते तसाच लावतात.